चुकीच्या चौकटीतलं आडनाव

जगात आडनावासाठी भांडलेली माणसं पुष्कळ सापडतील. दत्तकपत्रावरून, जमिनीच्या वाटणीवरून, लग्नपत्रिकेत कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली यावरून माणसं कोर्टाची पायरी चढलेली मी पाहिली आहेत आणि त्यांच्या बातम्याही लावल्या आहेत. पण स्वतःचं आडनाव सरकारी कागदावर चुकीच्या चौकटीत अडकलं म्हणून एका आख्ख्या देशाशी तीस वर्षं हुज्जत घालणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा व्याही निघाला.

व्याही रशियन आहेत. वय अठ्ठ्याहत्तर, उंची सहा फुटांना दोन बोटं कमी, भुवया खिडकीवरच्या पत्र्यासारख्या पुढे आलेल्या. पेशानं पुलांचे नकाशे काढणारे इंजिनिअर, आता निवृत्त. आमची मुलगी मुक्ता टेक्ससमध्ये प्लेनोला नोकरी करते. तिथंच तिची त्यांच्या मुलाशी, साशाशी, ओळख झाली आणि पुढे लग्न झालं. साशा त्यांचा एकुलता एक, जन्मानं अमेरिकन. त्याची आई लग्नाच्या चार वर्षं आधी गेली, त्यामुळे विहीणबाई आम्ही फोटोतच पाहिल्या. मी आणि माझी बायको सुधा वर्षातले सहा महिने मुक्ताकडे असतो. व्याही तिथून चार रस्ते पलीकडे एका मोठ्या घरात एकटे राहतात. पहिल्या भेटीत मी हात पुढे केला आणि इंग्रजीत आपलं नातं सांगायला लागलो, तर शब्दच सापडेना. मुलीच्या नवऱ्याचे वडील, अशी लांबण लावावी लागली. त्यांनी माझा हात धरूनच ठेवला. "इंग्रजीत नाही," ते म्हणाले, "आमच्यात आहे. स्वात." मी म्हटलं, आमच्यातही आहे, व्याही. तो शब्द त्यांनी दोनदा उच्चारून पाहिला आणि आतल्या खोलीतल्या मुलाला मोठ्यानं सांगितलं की ही सुसंस्कृत माणसं आहेत, यांच्याकडे या नात्याला शब्द आहे.

व्याह्यांच्या मते मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारणं हा उद्धटपणा आहे. नावामागं बापाचं नाव हवं, म्हणजे माणूस कुठूनतरी आला आहे हे ऐकणाऱ्याला कळतं. माझ्या वडिलांचं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं. दामोदर म्हणून सांगितल्याबरोबर मी 'वसंत दामोदरोविच' झालो, तो आजतागायत आहे. मग ते सुधाकडे वळले. तिनं सवयीनं आपलं पूर्ण नाव सांगितलं: सुधा, मग माझं नाव, मग आडनाव. व्याह्यांच्या भुवया एकमेकींना भिडल्या. मधे हा कसा आला, हा तर नवरा. मी आमची पद्धत समजावून सांगितली, की लग्नानंतर बाईच्या नावापुढे वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव लागतं. "म्हणजे लग्न झालं की तिचे वडील बदलतात?" त्यांनी विचारलं. त्यात थट्टा नव्हती, त्यांना खरोखरच माहिती हवी होती. मग त्यांनी सुधाकडून तिच्या वडिलांचं नाव मागून घेतलं आणि ती 'सुधा गोविंदोव्हना' झाली. तशी हाक पहिल्यांदा ऐकली तेव्हा सुधाच्या हातात चहाचा कप होता. तो घेऊन ती तशीच उभी राहिली. घरी आल्यावर म्हणाली, अण्णांचं नाव कुणाच्या तोंडून ऐकून किती वर्षं झाली असतील. मी आठवून सांगायला लागलो, तर म्हणाली, "सांगू नका."

आता त्या चौकटीबद्दल. व्याह्यांचं आडनाव राद्निशेव्ह. सोव्हिएत काळात त्यांच्या वडिलांनी हे आडनाव टाकून दुसरं एक साधंसुधं आडनाव लावलं होतं, आणि व्याही त्या दुसऱ्या आडनावानंच वाढले. अमेरिकेत आल्यावर पहिलं काम त्यांनी काय केलं असेल, तर जुनं आडनाव परत घ्यायला कोर्टात अर्ज केला. घर भाड्यानं घेतलेलं होतं, गाडी नव्हती, बायकोला सातवा महिना होता, आणि इंग्रजी अकरा महिन्यांचं होतं. अर्जावर तीन चौकटी होत्या: फर्स्ट, मिडल, लास्ट. फर्स्ट म्हणजे पहिलं. नावात पहिलं काय येतं? रशियाच्या कोणत्याही सरकारी कागदावर पहिलं आडनाव येतं, मग स्वतःचं नाव, शेवटी वडिलांचं. म्हणून त्यांनी पहिल्या चौकटीत राद्निशेव्ह लिहिलं, दुसऱ्या चौकटीत लेव्ह, हे स्वतःचं नाव, आणि तिसऱ्या चौकटीत इगोरेविच, म्हणजे इगोरचा मुलगा. न्यायाधीशांनी तसाच हुकूम दिला. अशा रीतीनं परत मिळवलेलं आडनाव व्याह्यांचं पाळण्यातलं नाव झालं, आणि वडिलांचं नाव आडनाव होऊन बसलं. दोन महिन्यांनी साशा जन्मला तो साशा इगोरेविच म्हणूनच जन्मला.

हे ऐकून इथले अमेरिकन हसतात. मराठी माणूस हसत नाही, तो मान डोलावतो. ज्यांचा शाळेचा दाखला आडनावापासून सुरू होतो, मतदारयादीत ज्यांना आधी आडनावानं शोधतात, त्यांना ही चूक चूकच वाटत नाही. प्लेनोच्या आमच्या मराठी मंडळात एक काकू आहेत. त्यांच्या विम्याच्या कार्डावर नवऱ्याचं नाव आडनाव म्हणून छापलेलं आहे, आणि दवाखान्यात "मिसेस सुरेश" अशी हाक आली की त्या लाजून उठतात. व्याह्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला मिठी मारली. तीस वर्षांत त्यांची बाजू समजलेला मी पहिला मनुष्य होतो. चूक दुरुस्त का केली नाही, असं मी विचारलं. त्यांचं म्हणणं, चूक त्यांची नव्हतीच, फॉर्मची होती, आणि फॉर्मनं ती दुरुस्त करावी. एकदा बायकोच्या आग्रहावरून ते वकिलाकडे गेले होते. नाव बदलण्याचं कारण एका ओळीत द्या, असं वकील म्हणाला. व्याह्यांनी अकरा पानं दिली. वकिलानं ती परत केली, आणि व्याह्यांनी वकील परत केला.

परिणाम असा, की झारच्या मंत्र्याचं आडनाव औषधाच्या दुकानातली मुलगी "हाय, राद्निशेव्ह, हनी" म्हणून पुकारते. व्याही तिला दर वेळी गंभीरपणे सांगतात की मंत्र्याच्या घोडागाडीवाल्याची सुद्धा अशी हिंमत झाली नसती. ती म्हणते, शुअर, आणि गोळ्यांची पिशवी देते. कॉफीच्या दुकानात आपली मराठी पोरं नाव विचारल्यावर सॅम, मॅक्स, जे काय दोन अक्षरांत बसेल ते सांगून मोकळी होतात. व्याही आख्खं राद्निशेव्ह सांगतात, एकेक अक्षर सुटं करून, आणि लिहून झालं की कप हातात घेऊन तपासतात. मागं रांग वाढत जाते. एकदा मी हळूच म्हटलं, कॉफीपुरतं छोटं काहीतरी सांगायला काय हरकत आहे. "वसंत दामोदरोविच," ते म्हणाले, "छोटं करायला सगळे कॉफीपासूनच सुरुवात करतात."

मंत्र्याबद्दल सांगायला हवं. व्याह्यांच्या दिवाणखान्यात शेकोटीच्या वर एक भली मोठी तसबीर आहे. कल्ल्यांपासून हनुवटीपर्यंत दाढी, छातीवर पदकं, डाव्या हातात गुंडाळलेला नकाशा. जुन्या मासिकातलं चित्र मोठं करून घेतलेलं आहे, जवळ गेलं की छपाईचे ठिपके दिसतात. चौकट मात्र सोनेरी. प्लंबर असो, पार्सलवाला असो, कोणीही आत आला की व्याही तसबिरीकडे हात करतात. "राद्निशेव्ह. झारचे मंत्री. रस्ते आणि पूल." एवढं बोलून गप्प बसतात, आणि पाहुणा काय समजायचं ते समजतो. वस्तीच्या असोसिएशननं एकदा गवत वाढल्याबद्दल नोटीस पाठवली, तेव्हा यांनी चार पानी उत्तर लिहिलं, की ज्या नावानं एका साम्राज्याचे रस्ते सांभाळले ते नाव स्वतःच्या दारातल्या गवताचा निर्णय स्वतः घेईल. असोसिएशननं माणूस पाठवून गवत कापलं आणि बिल धाडलं. मी सवयीप्रमाणे लायब्ररीत जाऊन मंत्र्याची माहिती काढली. एका जाडजूड ग्रंथात चार ओळी मिळाल्या. त्यांपैकी दोन त्याच्या मेव्हण्याबद्दल होत्या. उरलेल्या दोन ओळींत त्याला मंत्रिपद मिळालं, ते गेलं, आणि तो आपल्या जहागिरीवर मरण पावला. व्याह्यांना मी कागद दाखवला. त्यांना त्या चार ओळी पाठ होत्या, मेव्हण्यासकट.

शनिवारी आम्ही किराणा आणायला अर्विंगला जातो तेव्हा व्याही बरोबर येतात. त्यांना काही घ्यायचं नसतं, ते माणसांची आडनावं गोळा करायला येतात. आमची 'कर'वाली आडनावं त्यांना फार आवडतात. आडनावातच गावाचा पत्ता घेऊन फिरणारे लोक त्यांनी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. एकदा रांगेत पुढे उभ्या असलेल्या मुलीला त्यांनी आडनाव विचारलं. ती इथं पीएचडी करत होती. आडनाव कळल्यावर गाव कुठं आहे विचारलं, नदी आहे का, पूल कसला आहे. ती गोंधळून माझ्याकडे वळली. "काका, सॉरी, पण मी तिथं कधी गेलेच नाहीये. ॲक्च्युअली बाबापण नाही गेले. आम्ही पुण्याचेच." मी भाषांतर केलं. परतीच्या वाटेवर, हायवेवर चारी बाजूंनी गाड्या पळत होत्या, आणि व्याही खिडकीबाहेर बघत होते. प्लेनो जवळ आल्यावर एकदम म्हणाले, "पत्ता खिशात आहे. आणि जात नाहीत."

खरी गोष्ट त्यांनी मला स्टेशनवर सांगितली. प्लेनोत सगळे गाडीनं फिरतात, पण तिथून एक लाइट रेल जाते. व्याही आठवड्यातून एकदा तिच्यात बसून शेवटच्या स्टेशनापर्यंत जातात आणि परत येतात. उशीर झाला की वहीत टिपतात आणि महिन्याअखेरीस रेल्वेला पत्र लिहितात. त्या दिवशी मीही गेलो होतो. आम्ही बाकावर बसलो होतो, गाडी नऊ मिनिटं उशिरा होती. मुक्ताला आठवा महिना सरत आला होता. व्याही म्हणाले, तसबिरीतला माणूस आमचा कोणी नाही.

बोलणाऱ्याला थांबवायचं नसतं, एवढं मला माहीत आहे.

त्यांच्या आजोबांचे आजोबा त्या मंत्र्याच्या जमिनीवर राबणारे वेठबिगार होते. अशा लोकांना आडनाव नसायचं. सुटका झाली तेव्हा कागदावर काहीतरी लिहायला हवं, म्हणून कारकुनानं मालकाचं आडनाव लिहून दिलं. त्या आडनावावर दोन पिढ्या शेतात गेल्या. तिसऱ्या पिढीत आजोबा मात्वेय शिकले आणि एका लहानशा स्टेशनचे स्टेशनमास्तर झाले. तोवर राज्य बदललेलं होतं. नव्या साहेबांना हे आडनाव खटकलं, मंत्र्याच्या वंशातला माणूस स्टेशनवर कसा. आजोबांनी सांगून पाहिलं की आम्ही त्याचे वंशज नव्हे, त्याचे गुलाम. साहेबांनी सोपा उपाय सुचवला: आडनाव बदल आणि स्टेशन ठेव. आजोबा नाही म्हणाले. हे नाव मालकाचं असेल, पण माझ्या बापाच्या कबरीवर आहे, असं म्हणाले. मग त्याच स्टेशनवर, जिथं त्यांनी हिरवा झेंडा दाखवला होता, तिथं ते मरेपर्यंत सामान उचलत होते. "मालकाचं नाव आम्हाला मिळालं," व्याही म्हणाले, "मालकाची शिक्षाही आम्हाला मिळाली. जमीन तेवढी मिळाली नाही."

मग वडील, इगोर. व्याही पाच वर्षांचे असताना इगोरनी आडनाव बदलून घेतलं. एका दुपारी चुलीशी बसून जुने कागद जाळले. त्यात आजोबांचा स्टेशनमास्तरच्या टोपीतला एकुलता एक फोटो होता. दुसऱ्या दिवशी बालवाडीत बाईंनी नवं आडनाव पुकारलं. व्याही बसून राहिले. तिसऱ्यांदा पुकारल्यावरही उठले नाहीत, म्हणून त्यांना कोपऱ्यात उभं केलं. संध्याकाळी वडील घ्यायला आले आणि एवढंच म्हणाले, आता हे तुझं नाव. वडील पुढे तीस वर्षं जगले. त्या तीस वर्षांत त्यांच्याशी याविषयी एक शब्द झाला नाही.

मी विचारलं, मग तसबीर कशाला लावलीत.

"या नावाला चेहरा नको का?" ते म्हणाले. "माझ्याकडे दुसरा नाही."

गाडी आली. आम्ही चढलो. त्या दिवशी त्यांनी वहीत उशीर टिपला नाही. डब्यात समोर बसून त्यांनी मला एक काम सांगितलं. नात येणार होती, ते तोवर कळलं होतं. तिला राद्निशेव्ह हे आडनाव मिळावं, या वेळी योग्य चौकटीत. मुलाला स्वतः विचारणं त्यांच्यानं होत नव्हतं. मी व्याही, मी विचारावं. मी म्हटलं, आमच्याकडे मुलीच्या बापानं जावयाला असलं काही सांगायची रीत नाही. ते म्हणाले, त्यांच्याकडेही नाही, पण इथं टेक्ससमध्ये कोण बघतंय.

मुक्ताला मी आधी स्वयंपाकघरात गाठलं. तिनं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "बाबा, प्लीज तू यात पडू नकोस यार. साशाचं आणि त्याच्या पापांचं हे नाव-प्रकरण लहानपणापासून आहे. मी लग्न करताना आडनाव चेंज केलं नाही ते अर्धं याच कारणानं, की मला साइडच घ्यायची नव्हती." तरी रविवारी जेवायला सगळे बसले तेव्हा मी विषय काढला. शक्य तितक्या कोरडेपणानं, बातमी सांगावी तसा. व्याही ताटात बघत होते. साशानं काटा खाली ठेवला. तो सावकाश बोलणारा मुलगा आहे, आवाज चढवत नाही. त्यानं माझ्याशी न बोलता वडिलांशीच बोलायला सुरुवात केली, आणि मला कळावं म्हणून असेल, इंग्रजीत.

तो म्हणाला, मॉमनं मला सगळं सांगितलंय. आजोबा इगोरनी फोटो जाळला तेव्हा घरात तीन पोरं होती आणि शाळेत नाव घालायचं होतं. तुम्ही शिकलात, पूल काढलेत, इथवर आलात, ते त्या दुपारमुळे. मात्वेयबद्दल तुम्ही मला शंभर वेळा सांगितलंत. इगोरबद्दल एकदाही नाही. त्यांची कबर कुठं आहे हेसुद्धा मला मॉमनं सांगितलं.

"त्या माणसाचं नाव कुठंच नाहीये, पापा," साशा म्हणाला. "फक्त तुमच्या-माझ्या लायसन्सवर आहे. तेही चुकून. ते माझ्या मुलीकडे जाऊ दे."

व्याही उठले. सुधानं त्यांच्यासाठी केलेल्या भाकऱ्या तशाच राहिल्या. दारापाशी त्यांनी तिला "सुधा गोविंदोव्हना, जेवण उत्तम होतं" असं सांगितलं, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि चालत घरी गेले. प्लेनोत कोणी चालत जात नाही. मागून साशा गाडी घेऊन गेला, तर ते फुटपाथवरून हात हलवून त्याला परत जा म्हणत होते.

पाच आठवडे ते आले नाहीत. फोन उचलायचे, हवामानाबद्दल बोलायचे, ठेवायचे. शनिवारी अर्विंगला आम्ही दोघंच जायचो, आणि रांगेत उभं राहिलं की मी उगाच पुढच्याचं आडनाव वाचायचो. कोणाला सांगायचं, असा प्रश्न पडायचा. सुधा मला रोज ऐकवायची की तुम्हाला कुणी सांगितलं होतं मधे पडायला. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या भानगडी छापल्यात, आता घरात एक करून दाखवलीत. मुक्ताचे दिवस भरत आले होते. व्याह्यांच्या घराकडे फिरायला गेलो की दिवाणखान्यात दिवा दिसायचा, पण बेल वाजवायचं धाडस झालं नाही.

नात झाली. नाव माया ठरलं होतं, ते दोन्ही भाषांत चालतं. हॉस्पिटलात व्याही आले, काचेतून पाहिलं, साशाच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले आणि गेले. साशानं कागदावर माया इगोरेविच लिहिलं तेव्हा ते नव्हते. मुद्दाम नसावेत, असं मला वाटलं.

बाराव्या दिवशी मुक्ताकडे बारसं होतं. मंडळातल्या पंधरा-वीस बायका जमल्या, भाड्यानं आणलेला पाळणा झेंडूच्या माळांनी सजवला, आणि मग अडचण लक्षात आली. बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते. साशाला बहीण नाही. सुरेशकाकू म्हणाल्या, मी होते ना आत्या, त्यात काय. पण सुधा म्हणाली, नाही, बापाच्या घरचंच माणूस हवं. आणि तिनं फोन उचलून व्याह्यांना सरळ सांगितलं की तुम्ही आत्या आहात, निघा. पलीकडून काय प्रश्न आला ते कळलं नाही. सुधानं उत्तर दिलं, "वडिलांची बहीण. नंतर समजावते. कोट घालून या."

ते कोट घालून आले. आत्याचं काम त्यांना सांगण्यात आलं: पाळण्यावर वाकायचं, आधी 'कुर्र' करायचं, मग कानात नाव सांगायचं, आणि तेवढ्यात मागून बायका पाठीत हलके धपाटे घालतील ते मनावर घ्यायचं नाही. व्याह्यांनी सगळं गंभीरपणे ऐकलं. धपाटे किती, एवढं विचारून घेतलं. मग पाळण्याच्या कडेला दोन्ही हात टेकून ते खाली वाकले. त्यांचं 'कुर्र' ऐकून दोन पोरी हसत सुटल्या. सुरेशकाकूंनी पहिला धपाटा घातला. मी पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

माया, ते म्हणाले. मग म्हणाले, अलेक्सांद्रची मुलगी. साशाचं पूर्ण नाव अलेक्सांद्र. मग म्हणाले, तो लेव्हचा मुलगा. बायका धपाटे घालत होत्या, कोणीतरी "आत्या फार बोलते हं" म्हणालं. मग ते थांबले. मला वाटलं संपलं, बायकांनाही वाटलं, सगळ्या मागं सरकल्या. पण ते वाकलेलेच होते. "लेव्ह इगोरचा मुलगा," ते म्हणाले. हे जरा मोठ्यानं झालं. भिंतीशी उभ्या असलेल्या साशानं मान वर केली. "आणि इगोर," ते म्हणाले, "मात्वेयचा." त्यापुढे त्यांना नावं माहीत नव्हती. ती कुणालाच माहीत नव्हती, कुठल्या कारकुनानं लिहून ठेवलेली नव्हती. ते सरळ उभे राहिले आणि कोट नीट केला.

राद्निशेव्ह त्यांनी म्हटलं नाही.

बायका पेढे वाटायला लागल्या. मी घुगऱ्यांच्या दोन वाट्या घेतल्या आणि मागच्या अंगणात त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. पाच आठवड्यांनंतर आम्ही पहिल्यांदा समोरासमोर बसून बोलत होतो. मी माफी मागायला लागलो तर त्यांनी घुगऱ्या कशाच्या असतात ते विचारलं. थोड्या वेळानं मी विचारलं, आडनाव का नाही सांगितलंत. कानात सांगायला काही कोर्टाची परवानगी लागत नाही.

"आडनाव माझ्याजवळ आहे," ते म्हणाले. "ती विचारेल तेव्हा देईन. आजोबा, तुमचं नाव वेगळं का, असं कधीतरी विचारेलच. मुलं विचारतात. साशानं बाराव्या वर्षी विचारलं होतं. तेव्हा मी चिडलो होतो, नीट सांगितलं नाही."

मी मनात बेरीज केली. त्यांनी ती आधीच केलेली असावी, कारण ते लगेच म्हणाले की मंगळवारी ते डॉक्टरांकडे जाऊन आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून. माणसं डॉक्टरांना विचारतात, किती वर्षं राहिली. यांनी विचारलं नाही. यांनी समोर बसून सांगितलं, की मला बारा वर्षं लागतील.

आत पाळणा म्हणत होते. बायकांचे आवाज काचेच्या दारातून अस्पष्ट येत होते. व्याही वाटीतले दाणे एकेक करून खात होते, घाई नसल्यासारखे. मी विचारलं, मग डॉक्टर काय म्हणाले.

"म्हणाले, सहा महिन्यांनी या."